लव्हाळ्याचं गणगोत

लाटीपाड्याला अडवलेली पांझरा पिंपळनेरवरून पुढे धुळ्याकडे जाते आणि मुडावदला तापीला मिळते. या सबंध वाटेवर, धरणाच्या ओल्या पायथ्यापासून तापीकाठच्या गाळापर्यंत, तिची सोबत न सोडणारी एक वनस्पती आहे. शेतकरी तिला लव्हाळा म्हणतो, मोथा म्हणतो आणि तिच्या नावानं बोटं मोडतो. कांद्याच्या वाफ्यात, मिरचीच्या सरीत, पाटाच्या कडेला, बांधावर, अगदी घराच्या ओसरीपुढच्या फटीतही ती उगवते. निंदणी उरकून आठवडा होत नाही तोच वाफा पुन्हा हिरवा दिसतो आणि मजुरीचे पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटतात.

शास्त्रीय नाव सायपरस रोटुंडस. १७५३ साली लिनीयसनं हे नाव छापलं तेव्हा वस्तीचं ठिकाण म्हणून त्यानं भारताचं नाव दिलं होतं. १९७७ साली हवाई विद्यापीठानं जगातल्या सर्वांत वाईट तणांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात पहिला क्रमांक या लव्हाळ्याला मिळाला. ९२ देश आणि ५२ पिकं, एवढा त्याचा उपद्रव तिथं नोंदवला आहे. एका तणावर इतकं लिहून झालं असताना आणखी काय सांगायचं, असं वाटेल. पण हा लव्हाळा एकटा नाही. सायपरस या प्रजातीत आज सुमारे साडेनऊशे जाती मानल्या जातात. त्यातल्या बहुतेक कुणाच्याही वाटेला जात नाहीत. या गणगोतात कोण कुणाचा, आणि कोण कुठं राहतो, हे ठरवताना वनस्पतिशास्त्रज्ञांची अडीचशे वर्षं गेली. शेवटी उत्तर सापडलं ते फुलात नाही, पानाच्या आतल्या पेशींत. आणि ते एका माणसाला १८९५ सालीच दिसलं होतं.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. लव्हाळा हे गवत नव्हे. त्याचा फुलोऱ्याचा दांडा अंगठा आणि तर्जनीच्या मधे धरून फिरवला तर तो सरळ फिरत नाही, अडखळतो, कारण तो तिकोनी आहे. गवताचा दांडा गोल, बहुधा पोकळ आणि कांड्याकांड्यांचा. लव्हाळ्याचा दांडा भरीव, आणि बुंध्यापासून फुलोऱ्यापर्यंत त्याला एकही पेर नाही. गवताची पानं दोन रांगांत निघतात, याची तीन रांगांत. गवताच्या पानाचा तळ दांड्याभोवती नुसता गुंडाळलेला असतो, तो उलगडता येतो. इथं तो शिवलेल्या नळीसारखा बंद असतो, सोडवायला गेलं की फाटतो. म्हणून गवतांचं कुल वेगळं आणि हे मुस्ता कुल, म्हणजे सायपरेसी, वेगळं. या कुलात जगभर साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. फुलं वाऱ्यावर परागण होणारी, बिनपाकळ्यांची, बिनरंगाची. त्यामुळे फुलझाडांच्या पुस्तकात यांना शेवटची पानं मिळतात आणि हौशी निरीक्षक त्या पानांपर्यंत क्वचित पोचतो.

कुल ओळखल्यावर प्रजाती ओळखायची तर दहापट दाखवणारं भिंग लागतं. सायपरसच्या दांड्याच्या टोकाशी पानांसारखे लांब छद पसरलेले असतात आणि त्यांच्या मधून फुलोऱ्याचे फाटे निघतात. फाट्यांच्या टोकाला चपटी कणिशं. या कणिशात बारीक खवले, म्हणजे तुषं, समोरासमोर दोन रांगांत बसवलेली असतात. एवढी एक खूण पक्की धरली तरी पांझरेकाठी निम्मं काम होतं. तुषं दोन रांगांत नसून चक्राकार रचलेली असतील आणि कणीस गोलसर असेल तर ती बहुधा फिंब्रिस्टायलिस. ही प्रजातीही आपल्याकडे भरपूर आहे, विशेषतः कातळावरच्या ओलीत. पानंच नाहीत, नुसते हिरवे दांडे आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला एकच कणीस, असा थाट दिसला तर ती एलिओकॅरिस. डबक्यात उभ्या दांड्याच्या टोकाशी नव्हे तर कुशीतून कणसांचा झुबका निघालेला दिसला तर ती शोनोप्लेक्टिएला. खरं तर तिथं छदच दांड्याची जागा घेऊन सरळ वर गेलेला असतो, त्यामुळे झुबका कुशीत आल्यासारखा भासतो.

आता सायपरसच्या आत शिरू. इथून भांडणं सुरू होतात.

एकोणिसाव्या शतकात या कुलावर ज्यांचा अधिकार मानला जाई त्यांत चार्ल्स बॅरन क्लार्क यांचं नाव वरचं. हे गृहस्थ बंगालात शाळा तपासनीस होते, आणि नोकरी सांभाळून त्यांनी हजारो नमुने गोळा केले. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींवरच्या हूकर यांच्या ग्रंथमालेत या कुलाचा भाग त्यांनी लिहिला. क्लार्क यांची नजर फळाकडे होती. लव्हाळ्याच्या फुलात किंजलाला तीन शाखा असतात आणि फळ तिकोनी होतं. काही जातींत दोनच शाखा असतात आणि फळ चपटं होतं. चपटं फळ कणसाच्या अक्षाकडे कड करून बसलं असेल तर ती पायक्रिअस प्रजाती, सपाट बाजू करून बसलं असेल तर जुन्सेलस. कणीस पिकल्यावर तुषं एकेक गळत असतील तर सायपरस, अख्खं कणीसच गळून पडत असेल तर मॅरिस्कस. कणसं आखूड होऊन त्यांचा एकच गोल पांढरट गोंडा झाला असेल तर किलिंगा. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला तेव्हा हीच वाटणी स्वीकारली. महाराष्ट्रातल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या याच चाव्या फिरवत शिकल्या.

ही वाटणी वापरायला सोयीची होती, यात शंका नाही. भिंग आणि सुई असली की काम भागे. पण बी कोणत्या कुशीवर झोपतं यावरून दोन जातींचं रक्ताचं नातं ठरवावं का, हा प्रश्न तेव्हाही काहींना पडला होता. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ क्यूकेन्थाल यांनी १९३५-३६ मध्ये सायपरसचा प्रचंड प्रबंध लिहिला तो यांतल्या बऱ्याच प्रजाती पुन्हा एका छपराखाली आणून. त्यानंतर अनेक दशकं प्रत्येक देशाच्या ग्रंथकारानं आपापल्या मताप्रमाणे छप्पर लहान-मोठं केलं. एकच वनस्पती आफ्रिकेतल्या पुस्तकात पायक्रिअस, तर दुसऱ्या खंडात सायपरस.

यात एक माणूस जवळपास विसरला गेला. मार्टिन रिक्ली हा एक स्विस तरुण. त्यानं फळं मोजली नाहीत. पानांचे आणि दांड्यांचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले. सायपरसमध्ये त्याला दोन सरळ तट पडलेले दिसले. काही जातींच्या कापात हिरव्या पेशी पानभर विखुरलेल्या होत्या. इतरांत शिरांभोवती हिरव्या पेशींची घट्ट कडी होती आणि तिच्याभोवती बाहेरच्या पेशी किरणांसारख्या रचलेल्या होत्या. १८९५ मध्ये त्यानं या कडीवाल्यांना सायपरसमधून काढून क्लोरोसायपरस असं नवं नाव दिलं. नाव टिकलं नाही. प्रत्येक नमुन्याचा काप घेत बसायला कोण तयार होणार? शिवाय या कडीचा उपयोग काय, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं.

उपयोग कळायला सत्तर वर्षं लागली. १९६० च्या दशकात आधी हवाईतल्या संशोधकांनी आणि मग ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्या पानावर काम केलं आणि प्रकाशसंश्लेषणाचा एक निराळा मार्ग उलगडला. बहुतेक वनस्पती हवेतला कर्बवायू पकडतात तेव्हा त्यातून पहिला पदार्थ तीन कर्बअणूंचा बनतो. हे काम रुबिस्को नावाचं विकर करतं, आणि ते तसं गबाळं आहे. तापमान वाढलं की ते कर्बवायूऐवजी प्राणवायूच पकडायला लागतं, आणि झालेल्या चुकीची दुरुस्ती करण्यात वनस्पतीची बरीच कमाई खर्ची पडते. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांनी यावर तोड काढली आहे. बाहेरच्या पेशींत दुसरं, न चुकणारं विकर कर्बवायू पकडून चार कर्बअणूंचा पदार्थ बनवतं. तो पदार्थ आतल्या कडीत पोचवला जातो आणि तिथं कर्बवायू पुन्हा मोकळा होतो. त्या बंद कडीत कर्बवायूची इतकी दाटी होते की रुबिस्कोला चूक करायला वावच राहत नाही. याला सी-४ मार्ग म्हणतात, साध्या मार्गाला सी-३. रिक्लीला दिसलेली कडी ही हीच खोली होती.

खानदेशातल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. जिथं उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो आणि पावसाळ्यातही दोन-तीन आठवडे आभाळ कोरडं राहतं, तिथं सी-३ वनस्पतीपुढे दोनच वाटा असतात. पानांची रंध्रं उघडी ठेवली तर पाणी जातं, मिटली तर आत कर्बवायू संपतो आणि रुबिस्को चुका करत सुटतं. सी-४ वनस्पती रंध्रं अर्धी मिटूनही काम चालू ठेवते. या भागातलं जुनं धान्य बाजरी-ज्वारीचं होतं, गहू हिवाळ्यात पाण्यावर घ्यावा लागे, यामागे माणसाच्या आवडीनिवडीइतकाच पानांतल्या या कडीचाही हात आहे.

पण इथं एक अडचण आहे, आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत रंजक गोष्ट वाटते. सायपरसच्या असंख्य सी-४ जाती कोरडवाहू माळावर राहत नाहीत. त्या पाण्यात, चिखलात पाय रोवून उभ्या असतात. इजिप्तचा पपायरस हा चार-पाच मीटर उंचीचा सायपरसच आहे, सी-४ आहे, आणि तो नाईलच्या दलदलीत वाढतो. ज्याचे पाय पाण्यात त्याला पाण्याची काटकसर कशाला? यावरचं एक पटण्यासारखं उत्तर नत्राकडे बोट दाखवतं. रुबिस्को हे पानातलं सर्वांत मोठ्या प्रमाणात असलेलं प्रथिन. ते बनवायला नत्र लागतं. सी-४ पानाला ते कमी प्रमाणात पुरतं, कारण ते चुका करत नाही. उष्ण प्रदेशातल्या पाणथळ मातीत नत्र बहुधा तुटपुंजं असतं. तेव्हा इथली बचत पाण्याची नसून खताची आहे.

२००० नंतर डीएनएच्या तुलनेची साधनं हाताशी आली आणि बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या इझाबेल लॅरिडन, केपटाउनचे मुथामा मुआस्या, लंडनच्या क्यू उद्यानातले डेव्हिड सिम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायपरसचा वंशवृक्ष नव्यानं मांडला. निष्कर्ष क्लार्क यांच्या बाजूनं लागला नाही. किलिंगा, पायक्रिअस, लिपोकार्फा, मॅरिस्कस अशा डझनभराच्या आसपास प्रजाती या सायपरसच्या शेजारच्या नव्हत्या, त्याच्या पोटातल्या फांद्या होत्या. एका एकत्र कुटुंबातली काही मुलं वेगळी चूल मांडून आपण निराळ्या घराण्याचे आहोत असं सांगत होती, एवढंच. आणि सायपरसच्या आतली सर्वांत मोठी रेघ निघाली ती रिक्लीची. सी-४ मार्ग सायपरसमध्ये एकदाच उगवला आणि तो घेतलेल्या सगळ्या जाती एकाच फांदीवर बसतात. त्या साडेसातशेच्या वर आहेत. सी-३ राहिलेल्या दोनशेच्या आत. २०१४ पर्यंत वेगळ्या चुली रीतसर मोडून सगळे सायपरसमध्ये परत आणले गेले. ओढ्याकाठच्या ओल्या हिरवळीवर पांढुरक्या-हिरव्या गोंड्यांची जी किलिंगा ब्रेव्हिफोलिया दिसते, ती आता सायपरस ब्रेव्हिफोलियस आहे.

सगळे सुखावले नाहीत. किलिंगा डोळ्यांना इतकी स्पष्ट वेगळी दिसते की तिला सायपरस म्हणताना जीभ अडखळते. शिवाय नऊशे-साडेनऊशे जातींची प्रजाती हाताळणं सोपं नाही. माझं मत विचाराल तर जुनी नावं शेतात आणि वर्गात वापरायला हरकत नाही, फक्त ती घराण्याची नावं नव्हेत, टोपणनावं आहेत, हे लक्षात असावं.

या कुलाच्या गुणसूत्रांचंही एक वैशिष्ट्य सांगून टाकतो, कारण जातींच्या सीमा इथं इतक्या धूसर का असतात हे त्यातून थोडं समजतं. आपल्या पेशींतल्या गुणसूत्राला मधे एक ठरावीक बिंदू असतो. पेशी दुभंगताना धागे तिथंच पकडतात. गुणसूत्र तुटलं तर बिंदू नसलेला तुकडा हरवतो. मुस्ता कुलात हा बिंदू एका जागी नाही, तो गुणसूत्राच्या लांबीभर पसरलेला आहे. त्यामुळे तुकडा पडला तरी तो हरवत नाही, स्वतंत्र गुणसूत्र म्हणून पुढे जातो. संख्या वाढत-घटत राहते. लव्हाळ्यात ती बहुधा १०८ असते, पण नेहमीच नाही.

वर्गीकरणाची ही रेघ नकाशावर ठेवली की वितरणही उलगडतं. मुस्ता कुलातली सर्वांत मोठी प्रजाती सायपरस नव्हे, कॅरेक्स आहे. सुमारे दोन हजार जाती. तिच्यात सी-४ जात एकही नाही. कॅरेक्सचं राज्य थंड प्रदेशात, उत्तर युरोप-अमेरिका-सायबेरियात, आणि आपल्याकडे हिमालयात. तिबेटी पठारावर याक चरतात ती कुरणं मोठ्या प्रमाणात कोब्रेसिया नावाच्या गटाची, आणि हा गटही २०१५ मध्ये कॅरेक्समध्ये मिसळला गेला. तिथून दक्षिणेला उतरत आलं की कॅरेक्स विरळ होत जाते. सह्याद्रीच्या उंच घाटमाथ्यावर तिच्या मोजक्या जाती उरतात आणि खानदेशच्या मैदानात ती शोधत बसण्यात अर्थ नाही. उलट सायपरस विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना दाट आहे, आफ्रिकेत सर्वांत जास्त, आणि थंडीकडे जाताना तो पातळ होतो. दोन बहिणी-प्रजातींनी पृथ्वी थंड-उष्ण अशी वाटून घेतली आहे, आणि दोघींमधला महत्त्वाचा फरक शिरांभोवतीच्या कडीचा.

पांझरेचं खोरं या नकाशाची छोटी आवृत्ती आहे. पिंपळनेरच्या पश्चिमेला कुडाशीकडे, चरणमाळ घाटाकडे गेलं की पाऊस वाढतो, भाताची खाचरं दिसू लागतात. महाराष्ट्रातल्या भातखाचरांतली दोन नेहमीची तणं म्हणजे सायपरस इरिया आणि सायपरस डिफॉर्मिस. इरियाची कणसं पिवळसर, सुटी, झुपक्यांत. डिफॉर्मिसचे गोल गच्च गोळे, काळपट-हिरवे. दोघं एकाच खाचरात, एकाच पाण्यात उभे राहतात, पण इरिया सी-४ आणि डिफॉर्मिस सी-३. खाचरात पाणी सतत उभं असेल तर डिफॉर्मिस तग धरतो. पावसानं ओढ दिली, चिखलाला भेगा पडायला लागल्या की इरियाचं फावतं.

याच डोंगरांवर पहिल्या सरींच्या आसपास, गवत अजून वर यायचं असताना, मुरमाड उतारावर पांढऱ्या डोक्याचा एक बुटका सायपरस फुलतो. तो सायपरस निवियस. त्याचा गड्डा उन्हाळाभर जमिनीत थांबलेला असतो, म्हणून बाकी सगळ्यांच्या आधी तो उठतो. पाऊस सरताना उथळ मातीत सायपरस स्क्वॅरोसस हा बोटभर उंचीचा, वर्षायू प्रकार सापडतो. तो वाळवून कागदात ठेवला तर मेथीसारखा वास येतो. संग्रहालयातली त्याची पाकिटं नाकानंही ओळखता येतात.

पिंपळनेरच्या खाली चित्र बदलतं. पांझरेवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. नदीत दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी वाटायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. तीनशे वर्षांहून जुनी ही व्यवस्था पाणी कसं वाटावं याचा धडा म्हणून देशभर सांगितली जाते. पण पाटाच्या कडेची जमीन वर्षभर ओलसर राहते, ऊन मात्र पूर्ण मिळतं. आणि ओल व ऊन दोन्ही एकत्र असणं ही सायपरसच्या सी-४ फांदीची सर्वांत आवडती जागा. सायपरस एक्झाल्टेटससारख्या उंच, सोनेरी कणसांच्या जाती महाराष्ट्रभर अशाच पाटांच्या, तळ्यांच्या काठी आढळतात. नदी आटत जाते तसा उघड्या पडणाऱ्या गाळावर सायपरस मिशेलिअॅनस गटातली चिमुकली रोपं चिकटून वाढतात आणि पुढचं पाणी यायच्या आत बी टाकून मोकळी होतात.

या सगळ्यांत शेतकऱ्याला छळणारा लव्हाळा का वेगळा? बाकीचे बहुतेक बियांवर जगतात. लव्हाळ्याला फुलोरा येतो, तांबूस-जांभळी कणसं येतात, पण रुजणारं बी फार क्वचित धरतं. त्याचा सगळा कारभार जमिनीखाली आहे. रोपाच्या बुडाशी एक गड्डा; त्यातून मूलक्षोडाचे धागे आडवे निघतात; धाग्याला गाठ येते, गाठीतून पुन्हा धागा, पुन्हा गाठ. अशी माळ तयार होते. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ मागच्या गाठींना दाबून ठेवते. त्या जिवंत असतात, पण उगवत नाहीत. खुरप्यानं वरचं पातं उपटलं की धागा तुटतो, आणि ज्या गाठी थांबल्या होत्या त्या एकेक करून जाग्या होतात. रोटाव्हेटर हे काम आणखी जोरात करतो. माळेचे तुकडे करून ते शेतभर पेरतो. बियाणं विकत न घेता केलेली ही पेरणी.

मल्चिंग पेपरनं इतर तणं दबतात. लव्हाळ्याचा कोंब टोकदार आणि ताठ असतो, तो प्लास्टिक भोकसून वर येतो. कलिंगडाच्या किंवा मिरचीच्या बेडवर पेपरला पडलेली बारीक छिद्रं पाहिली की कारण विचारावं लागत नाही. त्याच्या दोन दुबळ्या बाजू मात्र ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. गाठी बहुतांश वरच्या वीतभर मातीत असतात आणि त्या वाळल्या की मरतात. म्हणून पाणी बंद असलेल्या रानात एप्रिल-मे महिन्यांत खोल नांगरट करून ढेकळं उन्हात पडू देणं हा जुना उपाय आजही शास्त्राच्या कसोटीला उतरतो. दुसरं, त्याला सावली सोसत नाही. सी-४ यंत्रणा चालवायला जादा ऊर्जा लागते, ती भर उन्हात परवडते, सावलीत नाही. उसानं एकदा सरी झाकली की लव्हाळा खुरटतो. तोवरचे पहिले तीन-साडेतीन महिने मात्र सांभाळावे लागतात, आणि तिथंच हॅलोसल्फ्युरॉन मिथाईलसारखं गाठीपर्यंत उतरणारं तणनाशक वापरलं जातं. कांद्याची गोष्ट उलटी. कांदा सी-३, पात उभी आणि बारीक, जमिनीवर सावली जवळपास नाहीच. उन्हाळी कांद्यात लव्हाळ्याला ऊन, पाणी, खत सगळं आयतं मिळतं. साक्री तालुक्यातला कांदा उत्पादक निंदणीवर एवढा खर्च का करतो, याचं हे पानाच्या आतलं कारण.

आणि तरी हाच शेतकरी दिवाळीला हीच वस्तू विकत आणतो. उटण्याच्या पुडीवर घटकांची यादी वाचा: नागरमोथा असतोच. शिकेकाईच्या मसाल्यातही असतो. बाजारातल्या नागरमोथ्यात सायपरस स्कॅरिओसस या भावंड-जातीचा माल येतो, तसाच लव्हाळ्याच्या गाठींचाही; वाळलेल्या गाठीवरून दोघांत फरक करणं जाणकारालाही जड जातं. आयुर्वेदात मुस्ता म्हणून तापावरच्या षडंगपानीयात ती आहे, मुस्तकारिष्टात आहे. रानडुकरांना या गाठी फार प्रिय. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो तेव्हा डबक्याकाठी निवांत मुस्ता उकरणाऱ्या डुकरांचा उल्लेख येतो. कालिदासाच्या प्रेक्षकाला त्यासाठी टिपेची गरज पडली नसावी.

गाठीच्या वासात सेस्क्विटर्पीन वर्गातली संयुगं असतात. त्यांतल्या एकाला लव्हाळ्यावरून रोटुंडोन हे नाव मिळालं. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना कळलं की शिराझ द्राक्षाच्या वाइनला जो मिऱ्यासारखा झणका असतो तो याच संयुगामुळे, आणि काळ्या मिऱ्यातही तेच आहे. शिराझ नाशिकच्या मळ्यांतही लावतात. सुदानमध्ये श्वेत नाईलच्या काठी अल खिदाय इथं सापडलेल्या प्राचीन सांगाड्यांच्या दातांवरचं किटण तपासून २०१४ साली संशोधकांनी दाखवलं, की शेती सुरू होण्याआधीपासून तिथली माणसं लव्हाळ्याच्या गाठी खात होती. तिथल्या नंतरच्या शेतकरी लोकांत दातांची कीड कमी होती, आणि दात किडवणाऱ्या जिवाणूला लव्हाळ्याचा अर्क अटकाव करतो. याचा सख्खा भाऊ सायपरस एस्क्युलेंटस तर स्पेनमध्ये आजही मुद्दाम पेरला जातो; व्हॅलेन्सियात त्याच्या गाठी वाटून गोड थंड पेय करतात.

खानदेशातल्या वनस्पतींची नोंद कुणी केलीच नाही असं नाही. धुळे-नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरचा डी. ए. पाटील यांचा ग्रंथ २००३ सालचा, आणि क्षीरसागर-पाटील यांचा जळगाव जिल्ह्याचा ग्रंथ २००८ चा. भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्यानं राज्याच्या एकदल वनस्पतींचा खंड १९९६ मध्ये काढला. हे सगळे ग्रंथ सायपरसची घरवापसी होण्याआधीचे. त्यामुळे आज कुणी पिंपळनेर परिसरातल्या सायपरसची यादी करायला बसला तर त्याला जुन्या ग्रंथांत किलिंगा, पायक्रिअस आणि मॅरिस्कसची पानंही उघडावी लागतील.

यादीपेक्षा सोपं काम शाळेतल्या सूक्ष्मदर्शकावर होण्यासारखं आहे. ऑगस्टमध्ये कुडाशीकडच्या एखाद्या खाचरातून इरिया आणि डिफॉर्मिसचं एकेक पान आणायचं. गाजराच्या चिरेत अडकवून नव्या ब्लेडनं आडवे, होतील तितके पातळ काप घ्यायचे आणि पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवायचे. रंग लावायची गरज नाही, हरितद्रव्य स्वतःच दिसतं. डिफॉर्मिसमध्ये हिरवा रंग पानभर पसरलेला दिसेल, इरियात तो शिरांभोवती कड्यांत गोळा झालेला. रिक्लीकडे १८९५ मध्ये याहून फारशी वेगळी साधनं नव्हती.